नील्स आबेल : पाचव्या कोटीचे कोडे सोडवणारा तरुण

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा मला पकडलेच. एरवी मंडपाची वीजजोडणी, वर्गणीच्या पावत्या आणि विसर्जनाच्या दिवशीचा ट्रक एवढ्यावर माझी सुटका होत असे. लेखन हा काही माझा प्रांत नाही. मी डिप्लोमा झालेला, रुळांवर ट्रॉलीने फिरणारा पी. वे. चा इंजिनिअर. पण गेल्या वर्षी घरात एक प्रसंग घडला आणि त्या निमित्ताने एका जुन्या गणितज्ञाची ओळख झाली. ती ओळख आपल्यासारख्या वाचकांना, विशेषतः कॉलनीतल्या शाळकरी मुलांना करून द्यावी, एवढ्याच हेतूने हे चार शब्द.

माझी धाकटी मुलगी नववीत होती. गणिताच्या पुस्तकात बहुपदींचा धडा आला. आपण महाराष्ट्राबाहेर राहतो, त्यामुळे आपल्या घरांत नेहमी होतो तो गोंधळ इथेही झालाच. तिच्या शाळेत हिंदीतून शिकलेली मुले म्हणत बहुपद आणि त्याची घात, इंग्रजी पुस्तकात पॉलिनॉमिअल आणि डिग्री, आणि मी लहानपणी शिकलो ते बहुपदी आणि तिची कोटी. शब्द तीन, गोष्ट एकच. व्याख्या तिने पाठ केली होती. तरी तिने मला विचारले की ही कोटी काढायचीच कशाला? सर्वांत मोठा घातांक कोणता हे तर नुसते बघितले तरी दिसते, मग त्याला वेगळे नाव देऊन त्यावर प्रश्न विचारायचे कारण काय? खरे सांगायचे तर मला उत्तर देता आले नाही. मीसुद्धा शाळेत आणि पॉलिटेक्निकमध्ये ती व्याख्या पाठच केली होती आणि गणिताच्या एका पेपरात एकदा लटकलोही होतो. उत्तर शोधताना मी नॉर्वे देशातल्या नील्स हेन्रिक आबेल या तरुणापाशी जाऊन पोहोचलो.

कोटी म्हणजे काय?

आबेलकडे वळण्यापूर्वी थोडी उजळणी करू. एक अज्ञात राशी घ्या, तिला क्ष म्हणू. क्ष चे वेगवेगळे घात घेऊन, प्रत्येकाला एखाद्या संख्येने गुणून, सगळ्यांची बेरीज केली की झाली बहुपदी. अट एकच, घातांक ०, १, २, ३ असे पूर्ण असावेत, ऋण किंवा अपूर्णांक नसावेत. म्हणून ३क्ष² + ५क्ष + २ ही बहुपदी आहे, पण क्ष छेदात आला किंवा क्ष वर्गमुळाच्या चिन्हाखाली गेला तर ती बहुपदी राहत नाही. या बहुपदीतला सर्वांत मोठा घातांक म्हणजे तिची कोटी. ७क्ष − ४ ची कोटी १, ३क्ष² + ५क्ष + २ ची कोटी २, आणि नुसत्या ९ या संख्येची कोटी ०. शून्य बहुपदीला मात्र कोटी देत नाहीत.

मुलांच्या इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे पदे मोजून कोटी सांगणे. क्ष¹⁰ + १ मध्ये पदे दोनच आहेत, पण कोटी १० आहे. दुसरी म्हणजे सरळरूप न देता कोटी सांगणे. क्ष³ + ४क्ष − क्ष³ + १ ची कोटी ३ दिसते, पण घन एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरते ४क्ष + १, म्हणजे कोटी १. उलट (क्ष + १)(क्ष + २)(क्ष + ३) मध्ये घन कुठे दिसत नाही, पण गुणाकार केला की कोटी ३ निघते, कारण बहुपदींचा गुणाकार करताना त्यांच्या कोटींची बेरीज होते.

आता रुळांवर या. सरळ मार्गाचे समीकरण पहिल्या कोटीचे. पण गाडी सरळ मार्गावरून एकदम गोल वळणात घातली तर धक्का बसेल. म्हणून मध्ये ट्रान्झिशन देतात, त्यात वळण शून्यापासून सुरू होऊन हळूहळू, सारख्या प्रमाणात वाढत जाते. भारतीय रेल्वेत या ट्रान्झिशनसाठी तिसऱ्या कोटीची वक्ररेषा वापरतात, आम्ही तिला क्युबिक पॅराबोला म्हणतो. ट्रान्झिशनच्या सुरुवातीपासूनच्या अंतराचा घन करायचा, आणि त्याला वळणाची त्रिज्या व ट्रान्झिशनची लांबी यांच्या गुणाकाराच्या सहापटीने भागायचे. रूळ सरळ रेषेपासून किती बाजूला सरकवायचा ते मिळते. इथे कोटी २ ची वक्ररेषा चालत नाही, कारण तिच्यात वळण सुरुवातीपासूनच हजर असते. म्हणजे मी वीस वर्षे तिसऱ्या कोटीच्या बहुपदीवरूनच ट्रॉली नेत होतो आणि मला त्याचे काही वाटत नव्हते! (आमच्या वळणालाही डिग्री असते, १७५० ला मीटरमधल्या त्रिज्येने भागून ती काढतात. दोन डिग्रीचे वळण म्हणजे ८७५ मीटर त्रिज्या. पण ती डिग्री वेगळी आणि बहुपदीची वेगळी, मुलांनी गल्लत करू नये.)

कोटीचे मोठे महत्त्व समीकरण सोडवताना कळते. बहुपदी शून्याबरोबर मांडली की समीकरण झाले, आणि क्ष च्या ज्या किमतींनी ते खरे ठरते ती त्याची मुळे. कोटी १ असेल तर मूळ एक. कोटी २ असेल तर जास्तीत जास्त दोन. कोणत्याही बहुपदीला तिच्या कोटीपेक्षा जास्त मुळे असूच शकत नाहीत, आणि काल्पनिक संख्या व पुन्हा पुन्हा येणारी मुळे धरली तर बरोबर कोटीइतकीच असतात. म्हणजे कोटी हा आकडा किती उत्तरे शोधायची ते आधीच सांगून टाकतो. पण ती उत्तरे सूत्राने काढता येतील का, हेही कोटीच ठरवते. आबेलची कथा इथूनच सुरू होते.

चार पायऱ्या आणि पुढची भिंत

दुसऱ्या कोटीचे समीकरण सोडवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी. श्रीधराचार्यांची रीत भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात दिली आहे आणि आजही शाळेत थोड्या फरकाने तेच सूत्र शिकवतात. तिसऱ्या कोटीचे सर्वसाधारण सूत्र सोळाव्या शतकात इटलीत निघाले. तार्ताल्याने ते गुप्त ठेवण्याच्या अटीवर कार्दानोला सांगितले आणि कार्दानोने १५४५ साली ते छापून टाकले, त्यावरून दोघांचे मोठे भांडण झाले. त्याच पुस्तकात कार्दानोचा शिष्य फेरारी याचे चौथ्या कोटीचे सूत्रही आले. साहजिकच सगळ्यांना वाटले की आता पाचवी कोटी फार लांब नाही. पण पावणेतीनशे वर्षे उलटली तरी पाचव्या कोटीचे सूत्र काही सापडेना. १७७० च्या सुमारास लाग्रांज या थोर गणितज्ञाने आधीच्या सगळ्या रीती तपासल्या. त्याला दिसले की तिसऱ्या कोटीचे समीकरण सोडवताना मदतीला घेतलेले समीकरण दुसऱ्या कोटीचे असते, चौथ्या कोटीला तिसऱ्या कोटीचे, पण पाचव्या कोटीला तीच युक्ती लावली की मदतीचे समीकरण सहाव्या कोटीचे निघते. म्हणजे काम सोपे होण्याऐवजी अवघड होते. तरीही सूत्र नाहीच असे लाग्रांजने ठामपणे सिद्ध केले नाही.

पाद्रीबाबांचा मुलगा

नील्स आबेलचा जन्म ५ ऑगस्ट १८०२ रोजी नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर फिनॉय बेटाच्या परिसरात झाला. सात भावंडांतला तो दुसरा. वडील चर्चमध्ये पाद्री होते आणि पुढे संसदेवरही निवडून गेले. काळ मोठा कठीण होता. नेपोलियनच्या युद्धांमुळे समुद्रमार्ग अडले, नॉर्वेत धान्याची टंचाई झाली. १८१४ साली नॉर्वे डेन्मार्कपासून सुटून स्वीडनच्या राजाखाली आला. वडिलांचे राजकारण फसले, नाव बदनाम झाले, त्यांना दारूचे व्यसन लागले आणि १८२० साली ते वारले. आईचीही घराकडे नजर नव्हती. सतरा वर्षांच्या नील्सच्या डोक्यावर धाकट्या भावंडांची काळजी येऊन पडली.

तेराव्या वर्षी तो राजधानी ख्रिस्तियानिया (आजचे ऑस्लो) येथल्या शाळेत दाखल झाला होता. सुरुवातीला तो सामान्यच विद्यार्थी होता. तिथले गणिताचे मास्तर मुलांना फार मारत. त्यांनी मारलेला एक मुलगा पुढे दगावला आणि त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांच्या जागी १८१८ साली बेर्न्ट मिकाएल होल्मबो नावाचा तरुण शिक्षक आला. नील्सपेक्षा तो जेमतेम सात वर्षांनी मोठा. त्याने मुलांना पाठांतराऐवजी स्वतः उदाहरणे सोडवायला लावली, आणि काही महिन्यांतच त्याला कळले की या वर्गात एक हिरा आहे. मग त्याने नील्सला ऑयलर, लाग्रांज, लाप्लास यांचे मूळ ग्रंथ वाचायला दिले. एका शिक्षकाच्या बदलाने एका मुलाचे आयुष्य किती बदलते पाहा. आपल्यापैकी कित्येकांना गणित नावडते झाले ते पहिल्या मास्तरांसारख्या माणसांमुळे, आणि आवडते झाले ते होल्मबोसारख्यांमुळे.

चुकलेले सूत्र

शाळेच्या शेवटच्या वर्षात नील्सला वाटले की पाचव्या कोटीचे सूत्र आपल्याला सापडले! होल्मबोने कागद पाहिले, चूक दिसली नाही. विद्यापीठातल्या प्राध्यापकांनाही दिसली नाही. नॉर्वेत ते तपासू शकेल असा माणूसच नव्हता. म्हणून कागद कोपनहेगनला देगेन या प्राध्यापकांकडे पाठवले. त्यांनाही चूक सापडली नाही, पण माणूस अनुभवी. त्यांनी कळवले की एखादे प्रत्यक्ष संख्यांचे समीकरण घेऊन या रीतीने सोडवून दाखवावे. नील्स उदाहरण करायला बसला आणि आपली रीत चुकीची आहे हे त्याचे त्यालाच कळून आले.

हा प्रसंग वाचताना मला माझीच एक गोष्ट आठवली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वळणाच्या दुरुस्तीचे हिशेब माझ्याकडे होते. वळणावर दर दहा मीटरला खुणा करून, वीस मीटरची दोरी ताणून व्हर्साइन मोजतात आणि त्यावरून रूळ कुठे किती सरकवायचा ते काढतात. मी आकडे काढून गँगला कागद दिला. रात्री पुन्हा पडताळा घेताना लक्षात आले की एका खुणेचा आकडा मी अधिक धरायच्या ऐवजी उणे धरला होता आणि पुढचे सगळेच आकडे चुकले होते. सकाळी ब्लॉक सुरू होण्यापूर्वी धावत जाऊन मुकादमाला चूक सांगताना मान खाली गेली. त्याने काही न बोलता माझा कागद परत दिला आणि नवा मागितला. त्या दिवसापासून पडताळा घेतल्याशिवाय मी कागद हातातून सोडला नाही.

नील्सने तर यापुढची पायरी गाठली. एवढी मेहनत वाया गेली म्हणून तो हातपाय गाळून बसला नाही. त्याने प्रश्नच उलटा केला. सूत्र सापडत नाही, तर मुळात असे सूत्र असू शकते का?

सहा पानांची पुस्तिका

१८२१ साली तो विद्यापीठात दाखल झाला. घरून पैसा येण्याची आशा नव्हती. राहायला जागा फुकट मिळाली आणि काही प्राध्यापकांनी आपल्या पगारातून वर्गणी काढून त्याचा खर्च उचलला. धाकट्या भावाला आपल्या खोलीत ठेवून घेण्याची परवानगीही त्याने मागून घेतली. १८२३ साली तो कोपनहेगनला जाऊन देगेन यांना भेटला. त्याच मुक्कामात त्याची क्रिस्टिने केम्प या मुलीशी ओळख झाली आणि पुढे तिच्याशीच त्याचे लग्न ठरले.

१८२३ च्या अखेरीस त्याला उत्तर मिळाले. पाचव्या कोटीच्या सर्वसाधारण समीकरणासाठी बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मुळांची चिन्हे यांनी बनलेले सूत्र असूच शकत नाही!

युक्तिवाद थोडक्यात असा. समजा असे सूत्र आहे. तर त्याचे स्वरूप कसे असावे लागेल हे त्याने आधी ठरवले. मग समीकरणाची पाच मुळे एकमेकांच्या जागी बदलून पाहिली. दोन मुळांच्या अशा मांडण्या २, तीनच्या ६, चारच्या २४ आणि पाचच्या १२०. पाच मुळांपासून बनवलेल्या राशीला या १२० मांडण्यांत किती वेगवेगळ्या किमती येऊ शकतात? १ येऊ शकते, २ येऊ शकतात, ५ येऊ शकतात, पण नेमक्या ३ किंवा ४ कधीच येऊ शकत नाहीत. हा निष्कर्ष फ्रान्सच्या कोशी या गणितज्ञाचा होता. त्याच्या आधारे आबेलने दाखवले की सूत्र आहे असे मानले की विसंगती येते. म्हणून सूत्र नाही.

इथे एक गैरसमज होऊ देऊ नये. पाचव्या कोटीच्या समीकरणाला उत्तर नाही असे आबेलने म्हटलेले नाही. क्ष⁵ = ३२ चे उत्तर २ हे कोणीही सांगेल. क्ष⁵ − क्ष − १ = ० या समीकरणालाही मूळ आहे, ते १.१६७ आणि १.१६८ यांच्या मध्ये पडते आणि कॅल्क्युलेटरने हवे तितके अचूक काढता येते. फक्त ते मूळ मुळांच्या चिन्हांत मांडून दाखवता येत नाही. मुक्कामाचे गाव आहे, तिथे पोहोचताही येते, पण वर्गसमीकरणाला असतो तसा सगळ्यांसाठी एकच तयार रस्ता मात्र नाही. चौथ्या कोटीपर्यंत तो रस्ता आहे, पाचवीपासून पुढे नाही. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले.

१८२४ साली आबेलने ही सिद्धता स्वतःच्या खर्चाने फ्रेंचमध्ये छापून घेतली. पैसे कमी, म्हणून सगळा मजकूर सहा पानांत कोंबला. इतका कोंबला की वाचणाऱ्याला कळणे अवघड झाले. एक प्रत त्याने मोठ्या आशेने जर्मनीच्या गाउस या त्या काळच्या सर्वश्रेष्ठ गणितज्ञाकडे पाठवली. गाउसने ती वाचलीच नाही. त्याच्या मृत्यूनंतर ती त्याच्या कागदपत्रांत, पाने न कापलेली, तशीच सापडली. इटलीच्या रुफिनीने १७९९ पासून हेच सिद्ध करण्याचा प्रयत्न केला होता, पण त्याच्या सिद्धतेत एक दुवा सुटला होता. म्हणून आज या सिद्धांताला दोघांचीही नावे आहेत.

रेल्वेवाला मित्र

सरकारी शिष्यवृत्ती मिळून १८२५ च्या सप्टेंबरात आबेल परदेशी निघाला. बर्लिनला त्याला आउगुस्ट लेओपोल्ड क्रेले भेटला, आणि हे वाचताना आम्हा रेल्वेवाल्यांना थोडा अभिमान वाटावा. क्रेले हा प्रशियाच्या सरकारी बांधकाम खात्यातला इंजिनिअर. रस्ते बांधणारा, आणि पुढे १८३८ साली सुरू झालेल्या बर्लिन-पॉट्सडॅम रेल्वेमार्गाच्या कामातही त्याचा हात होता. गणित तो स्वतःच शिकला होता. स्वतः फार मोठा गणिती नव्हता, पण मोठा गणिती समोर आला की ओळखण्याची नजर त्याच्याकडे होती. जर्मनीतल्या बड्याबड्या विद्वानांना जे दिसले नाही ते या इंजिनिअरला दिसले. त्याने १८२६ साली गणिताचे एक नियतकालिक सुरू केले आणि पहिल्याच खंडात आबेलचे अनेक लेख छापले. पाचव्या कोटीची सिद्धता तिथे सविस्तर, समजेल अशी आली. ते नियतकालिक आजही निघते आणि लोक त्याला क्रेलेच्याच नावाने ओळखतात.

याच काळात मायदेशी विद्यापीठात गणिताची एक जागा रिकामी झाली. आबेल परदेशात, वयाने लहान, म्हणून ती होल्मबोला मिळाली. ज्या गुरूने घडवले त्यालाच शिष्याच्या हक्काची जागा मिळाली. पण आबेलने मनात अढी धरली नाही, दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली.

पॅरिसमध्ये हरवलेले कागद

मित्रांबरोबर इटली, स्वित्झर्लंड फिरत १८२६ च्या जुलैत आबेल पॅरिसला पोहोचला. तिथे त्याने एक मोठा निबंध लिहून ऑक्टोबरमध्ये फ्रेंच अकादमीला सादर केला. त्याच्या सर्वांत थोर कामांपैकी ते एक. तपासणीसाठी तो कोशी आणि लजांद्र यांच्याकडे गेला. कोशीने तो घरी नेला आणि बाजूला ठेवून दिला. ज्याच्या निष्कर्षावर आबेलने पाचव्या कोटीची सिद्धता उभी केली, त्यालाच आबेलचे कागद वाचायला सवड झाली नाही! उत्तराची वाट पाहत आबेल पॅरिसला राहिला. पैसे संपत आले, जेवण एक वेळेवर आले. तिथेच तब्येत बिघडली आणि डॉक्टरांनी क्षयाचे निदान केले. वर्ष संपता संपता तो बर्लिनला परतला.

क्रेलेने त्याला तिथे थांबण्याचा आग्रह केला, पण १८२७ च्या मे महिन्यात तो मायदेशी गेला. नोकरी नव्हती, डोक्यावर कर्ज होते, वडिलांच्या घरचे देणेही होते. शिकवण्या करून तो दिवस काढत होता. तरीही याच दोन वर्षांत, जर्मनीच्या याकोबी या तरुण गणितज्ञाशी जणू शर्यत लागल्यासारखे, त्याने एकामागून एक लेख लिहिले. हळूहळू युरोपात त्याचे नाव झाले. १८२८ साली पॅरिसच्या चार अकादमी सदस्यांनी स्वीडनच्या राजाला पत्र लिहून या तरुणाला योग्य जागा द्यावी अशी विनंती केली. इकडे क्रेले बर्लिनमध्ये त्याच्यासाठी नोकरीचे प्रयत्न करत होता.

दोन दिवसांचा उशीर

१८२८ च्या नाताळात आबेल कडाक्याच्या थंडीत घसरगाडीने फ्रोलांडला गेला. क्रिस्टिने तिथे एका लोखंड कारखानदाराच्या घरी मुलांना शिकवत होती. जानेवारीत त्याला रक्ताच्या गुळण्या सुरू झाल्या. त्याच महिन्यात, आजारपणातही, त्याने पॅरिसमध्ये अडकलेल्या निबंधातला मुख्य सिद्धांत जेमतेम दोन पानांत पुन्हा लिहून काढला, न जाणो मूळ कागद कायमचे हरवले असतील! त्यानंतर तो अंथरुणावरून फारसा उठला नाही. आपल्यामागे क्रिस्टिनेचे काय होईल या काळजीने त्याने आपला मित्र काइलहाऊ याला तिचा सांभाळ करण्याची गळ घातली. त्या दोघांनी तोवर एकमेकांना पाहिलेलेही नव्हते. पुढे त्यांनी लग्न केले.

६ एप्रिल १८२९ रोजी नील्स आबेल वारला. वय अवघे सव्वीस. ८ एप्रिलला क्रेलेने बर्लिनहून आनंदाने पत्र लिहिले की नोकरीचे नक्की झाले आहे, आता निर्धास्त या. दोनच दिवसांचा उशीर झाला होता.

पुढे सगळे मिळाले. १८३० साली फ्रेंच अकादमीने त्याला आणि याकोबीला मोठे पारितोषिक विभागून दिले. १८३९ साली होल्मबोने त्याचे समग्र लेखन प्रसिद्ध केले. पॅरिसचा निबंध शोधून १८४१ साली छापण्यात आला, आणि छापताना मूळ हस्तलिखित पुन्हा हरवले! त्याचा बराचसा भाग १९५२ साली इटलीत फ्लॉरेन्सला सापडला. कोणत्या समीकरणांना सूत्र असते आणि कोणत्यांना नसते याचा पूर्ण उलगडा फ्रान्सच्या गाल्वाने केला. दुर्दैवाने तोही १८३२ साली विसाव्या वर्षी गेला. आबेलच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा, २००२ साली, नॉर्वे सरकारने त्याच्या नावाने गणिताचा मोठा पुरस्कार स्थापन केला. २००३ पासून तो देण्यात येतो. आपल्याला आनंदाची गोष्ट म्हणजे २००७ साली तो मद्रासला जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले एस. आर. श्रीनिवास वरदन यांना मिळाला.

शेवटी

मुलीला मी ही सगळी कथा एका रविवारी सांगितली. कोटी ही नुसती व्याख्या नसून ती त्या समीकरणाची कुंडलीच असते, हे तिला पटले असावे, कारण नंतर तिने मला क्ष⁵ − क्ष − १ = ० चे मूळ दशांशाच्या चार स्थळांपर्यंत काढून दाखवले. माझा पडताळा घेईपर्यंत ती उभी राहिली, हे मला जास्त आवडले.

मुलांना दोनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आबेलचे पहिले उत्तर चुकले होते, ते चुकले हे त्याने स्वतः उदाहरण करून शोधले आणि त्या चुकीतूनच तो खऱ्या उत्तरापर्यंत गेला. पेपरात गुण कमी पडले म्हणून गणिताशी कट्टी घेऊ नका. आणि एखादी गोष्ट होणार नाही असे नुसते म्हणणे वेगळे, ती का होणार नाही हे सिद्ध करणे वेगळे. पहिले कोणीही म्हणेल, दुसऱ्याला आबेल लागतो.

आम्हा मोठ्यांसाठी एकच. माझा कागद न बोलता परत देणारा तो मुकादम निवृत्त होऊन गावी गेला. त्या सकाळी त्याने मला किती शिकवले हे त्याला एकदा जाऊन सांगायचे दरवर्षी ठरवत होतो. मी पोहोचलो तेव्हा घरात त्याच्या फोटोला हार होता. तेव्हा मंडळी, कुणाचे कौतुक करायचे असेल, कुणाला चांगली बातमी द्यायची असेल, तर ते पत्र आजच टाका. क्रेलेच्या पत्राला दोन दिवस उशीर झाला, माझ्या पत्राला त्याहून जास्त.

सर्व सभासदांना आणि विद्यार्थी मित्रांना शुभेच्छा.

— मंडळाचा एक सभासद, सीनिअर सेक्शन इंजिनिअर (पी. वे.)